कव्हरखालची गाडी

ऑफिसमध्ये माझी एक इमेज आहे. होती, म्हणू या. ‘एकदम सॉर्टेड मुलगी. घरी गाडी असून कॅबने येते!’ आमच्या एचआरवाल्या मॅडमनी तर एकदा कार-पूलिंगच्या मेलमध्ये उदाहरण म्हणून माझं नाव टाकलं होतं. विचारणाऱ्याला मीही फंडे द्यायचे. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून गुडघा कशाला झिजवायचा? कॅबमध्ये चार मेल होतात, एखादी डुलकी होते, पार्किंगची कटकट नाही. आणि पर्यावरण तर आहेच, ते कुठेही चालतं!

सगळी थाप होती, बॉस.

चौदा महिने मी स्टिअरिंगला हात लावला नव्हता, कारण मला भीती वाटत होती. साधीसुधी नाही. खाली पार्किंगमध्ये जाऊन गाडीचं दार उघडायचं म्हटलं तरी तळहात ओले व्हायचे. माझं वय तेव्हा तिशीच्या जवळ, लायसन्सला दहा वर्षं झालेली, आणि मी स्वतःच्याच गाडीला वळसा घालून लिफ्टकडे जायचे.

हे या कॉलममध्ये लिहायचं का, यावर बरेच दिवस काथ्याकूट केला. इथे आपण नेहमी बोलतो ते अप्रेझलबद्दल, रूममेटबद्दल आणि आपल्या लग्नाची घाई झालेल्या मावश्यांबद्दल. पण मध्यंतरी कँटीनमध्ये एकजण सहज म्हणाला, ‘‘त्या वेळी बाइकवरून पडलो ना, तेव्हापासून बसनेच येतो. बरं पडतं.’’ मी चमचा तसाच धरून त्याच्याकडे बघत राहिले. बरं पडतं! हे तर माझं वाक्य. म्हणून लिहितेय.

तर झालं असं. जुलै २०२३, रविवार. साताऱ्याहून आत्याकडून मी आणि बाबा पुण्याला परत येत होतो. आई दोन दिवस तिथेच राहिली होती. बाबा नेहमीप्रमाणे मागच्या सीटवर. त्यांचं लॉजिक असं, की पुढे बसलं की सूचना दिल्याशिवाय राहवत नाही, आणि सूचना दिल्या की तू चिडतेस. त्यामुळे पुढच्या सीटवर कंदी पेढ्यांचे दोन बॉक्स आणि माझी पर्स. पाऊस सॉलिड. आनेवाडीचा टोल गेला, सुरूर गेलं, खंबाटकीचा बोगदा आला.

हा रस्ता ज्यांच्या पायाखालचा आहे त्यांना पुढचं सांगायला नको. त्या वेळी साताऱ्याकडून पुण्याकडे येणारी वाहतूक त्या बोगद्यातून यायची, आणि बोगदा संपला की लगेच उतारावर इंग्रजी ‘एस’सारखं वळण. अंधारातून उजेडात आल्यावर पाय नकळत अ‍ॅक्सिलरेटरवर पडतो. उतार असल्यामुळे गाडी स्वतःहून पळत असते. आणि तेवढ्यात वळण. तिथे इतके अपघात झालेले, की ते वळण टाळणारे नवे बोगदे खोदायचं काम तेव्हा चालूच होतं. मला हे सगळं माहीत होतं. तरी काटा साठच्या पुढे होता.

पुढे एक पिकअप टेम्पो होता. त्याने ब्रेक मारला, मी ब्रेक मारला. पायाखाली पेडल थरथरलं, स्टिअरिंग वळवलं तर गाडी वळेचना, सरळच निघाली. टेम्पोचा मागचा कोपरा मोठा होत होत अंगावर आला. तो घासून आम्ही डावीकडच्या कठड्यावर गेलो. मग एक ‘फट्’ असा आवाज आणि तोंडावर काहीतरी पांढरं.

एअरबॅग उघडते ती पापणी लवायच्या आत. सिनेमात दाखवतात तशी उशी वगैरे नाही हं, थोबाडीत बसते. गाडीभर पांढरी पूड उडते आणि फटाके वाजल्यानंतर येतो तसा वास. मला वाटलं आग लागली. दार उघडायला हात जाईना. तेवढ्यात टेम्पोवाले दादा काचेवर थापा मारत ओरडले, ‘‘ताई, आधी गाडी बंद करा!’’ ज्याच्या गाडीला मी ठोकलं, तोच माणूस पावसात भिजत माझं दार ओढत होता.

मागून बाबांचा आवाज आला, ‘‘तू बरी आहेस ना?’’

मी बरी होते. खांद्यावरून पोटापर्यंत बेल्टचा काळानिळा पट्टा, नाकाला खरचटलेलं, बास. बाबा मात्र डावा खांदा उजव्या हाताने धरून वाकून बसले होते. ते माझ्याच सीटच्या पाठीवर आदळले होते. कॉलरबोन मोडलं होतं. सीटवर, त्यांच्या मांडीवर, पायाखाली सगळीकडे पेढे.

बाबांनी बेल्ट लावला नव्हता. आणि मी लावायला सांगितलं नव्हतं.

यातलं सगळ्यात वाईट काय, सांगू? त्याच्या दहाच महिने आधी, ४ सप्टेंबर २०२२ ला, सायरस मिस्त्री पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर गाडी आदळून गेले. मागच्या सीटवरचे दोघंही गेले आणि पुढचे दोघं वाचले. मागच्या दोघांनी बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं. आमच्याकडे डायनिंग टेबलवर त्यावर जोरदार चर्चा झाली होती. बाबा म्हणाले होते, ‘‘लावायला पाहिजे खरं तर.’’ मी म्हणाले होते, ‘‘हजार रुपये दंड आहे, बाबा.’’ मग आई म्हणाली पोळी गार होतेय, आणि विषय संपला. पुढे शेजारी बसणाऱ्याला आपण टोकतो. मागच्याला कोण टोकतं? त्यातून वडिलांना?

हाड जुळलं. दीड महिना हात झोळीत होता, मग फिजिओथेरपी. इन्शुरन्सचा सर्व्हेअर आला, फोटो काढून गेला. गाडी गॅरेजमधून नवीन बंपर आणि नव्या एअरबॅगा घेऊन परत आली. बाबा एका शब्दाने काही बोलले नाहीत. उलट, सोसायटीत कोणी विचारलं तर म्हणायचे, ‘‘रस्ताच तसा आहे हो तो.’’ ते असं म्हणाले की माझ्या पोटात खड्डा पडायचा. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी गाडीवर कव्हर घातलं.

सुरुवातीला कोणालाच काही वाटलं नाही. अपघात झालाय, थोडे दिवस जाऊ देत. मीही हेच म्हणत होते. थोडे दिवस गेले. मग पावसाळा संपू दे. मग दिवाळी होऊ दे. मग प्रोजेक्ट लाइव्ह जाऊ दे. दरम्यान कॅबमध्येही माझं काही खरं नव्हतं. मागच्या सीटवर, बेल्ट लावून (आता लावत होते!), माझा उजवा पाय सारखा नसलेला ब्रेक दाबत असायचा. ‘‘दादा, जरा हळू’’ हे वाक्य मी इतक्या वेळा म्हणायचे, की अ‍ॅपवर माझं रेटिंग पडलं. मग मी हायवेचा रस्ता टाळायला लागले. मग पावसात घरून काम. पुढच्या सप्टेंबरमध्ये टीमने कासला जायचा प्लॅन केला. सगळे खूश. मला आधी फुलं आठवली नाहीत, खंबाटकी आठवली. ‘‘यार, मला ताप आहे,’’ म्हणून मी कटवलं. आणि खरंच बरं वाटलं. पाच मिनिटांत अंगातला सगळा ताण गेला.

ते ‘बरं वाटणं’ लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत येणार आहोत.

मग तोच महिना, सप्टेंबर २०२४. गौरी-गणपती होऊन गेलेले. रात्री पावणेबाराला आईने दार वाजवलं. बाबांच्या छातीत दुखत होतं, घाम आला होता. बाहेर धो धो पाऊस. मी अ‍ॅप उघडलं. एक कॅब मिळाली, कॅन्सल. दुसरी मिळाली, कॅन्सल. तिसरी ‘१८ मिनिटं’ दाखवत होती. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला, म्हणाले पाठवतो, वेळ लागेल. आई म्हणाली, ‘‘अगं, आपली गाडी आहे ना खाली.’’

मी किल्ली घेऊन खाली गेले. कव्हर ओढून काढलं. दाराच्या हँडलवर हात ठेवला.

आणि उभी राहिले. किती वेळ, सांगता येत नाही. एक मिनिट असेल, तीन असतील. वर बाबांच्या छातीत दुखतंय, हातात किल्ली आहे, खिशात लायसन्स आहे, हॉस्पिटल दोन किलोमीटरवर आहे, आणि मला ते दार उघडता आलं नाही.

आईने तोवर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना उठवलं होतं. ते बर्म्युडावर खाली आले, माझ्याकडे बघून काही न बोलता स्वतःची गाडी काढली आणि बाबांना घेऊन गेले. मागे बसून मीही गेले. (तसाही त्या रात्री गाडीचा उपयोग झाला नसता. बॅटरी कधीच मेली होती आणि उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या. हे मला नंतर कळलं. पण त्याने काही फरक पडत नाही, पडतो का?)

ईसीजी काढला, रक्त तपासलं, रात्रभर ठेवलं. अ‍ॅसिडिटी निघाली. पहाटे बाबा कॉटवर बसून चहा बिस्कीट खात होते आणि मी कॉरिडॉरमध्ये रडत होते.

पुढच्या आठवड्यात मी एका सायकॉलॉजिस्टकडे गेले. मला वाटलं होतं लहानपणापासून सुरुवात करतील. त्यांनी विचारलं, ‘‘गाडी टाळली की कसं वाटतं?’’ मी म्हणाले, ‘‘बरं.’’ म्हणाल्या, ‘‘तेच तुमच्या भीतीचं खाणं आहे.’’

म्हणजे कसं, की प्रत्येक वेळी आपण टाळतो आणि लगेच सुटल्यासारखं वाटतं. मेंदू त्यातून हिशोब काढतो, की बघ, गाडी टाळली म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती अजून थोडी मोठी होऊन येते आणि अजून एक गोष्ट टाळायला लावते. आधी ड्रायव्हिंग, मग हायवे, मग पाऊस, मग कास. आपल्याला वाटत असतं आपण वेळ घेतोय. वेळ भीती घेत असते.

मी विचारलं, ‘‘भीती गेल्यावर चालवायला लागले तर चालेल ना?’’ त्या हसल्या. म्हणाल्या, ‘‘तुम्ही क्रम उलटा धरलाय. भीती घेऊनच गाडीत बसायचं. बसून राहिलात की ती उतरते. आधी नाही उतरत.’’

अपघातानंतर दचकणं, झोप उडणं, तोच सीन डोळ्यांसमोर येणं हे पहिले काही आठवडे बऱ्याच जणांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं, असं त्यांनी सांगितलं. पण महिना उलटला, तरी ओसरत नसेल किंवा वाढत असेल, तर दाखवायचं. मी चौदा महिने काढले होते. फी परवडत नसेल किंवा कोणाकडे जावं कळत नसेल, तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलतात. मला तेव्हा माहीत नव्हती, म्हणून इथे लिहून ठेवते.

मग त्यांनी मला सशाची गोष्ट सांगितली. खरी आहे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन बाईंनी पीटर नावाच्या लहान मुलावर केलेला प्रयोग छापून आला. पीटर सशाला जाम घाबरायचा. बाईंनी काय केलं, तो त्याच्या आवडीचं खात बसला, की पिंजऱ्यातला ससा खोलीत दूर आणून ठेवायचा. हळूहळू जवळ. शेवटी पोरगं सशाशी खेळायला लागलं. पुढे १९५० च्या दशकात जोसेफ वोल्पी या मानसोपचारतज्ज्ञाने यातूनच पायऱ्यापायऱ्यांनी भीती उतरवायची पद्धत बसवली, आणि नंतर भीती मोजायला शून्य ते शंभर आकड्यांची पट्टीही दिली. शून्य म्हणजे एकदम निवांत, शंभर म्हणजे आता मरतेय.

माझा ससा जवळपास टनभर वजनाचा होता, एवढाच फरक.

वहीत शिडी काढली. सगळ्यात खाली, बंद गाडीत बसणे. सगळ्यात वर, खंबाटकीचा बोगदा, येताना. मधे पंधरा-सोळा पायऱ्या. नियम दोन. एक, आकडा चढला तरी पायरी सोडायची नाही. तो निदान निम्मा होईपर्यंत तिथेच थांबायचं. दोन, उडी मारायची नाही. हा दुसरा नियम माझ्या मामेभावासाठी होता. तो कधीपासून म्हणत होता, ‘‘एकदाच हायवेवर घाल, भीती मोडून जाईल.’’ मोडली असती माझी मान. हे पोहायला ढकलून देण्यासारखं असतं. एखादा तरतो, आणि त्याचीच गोष्ट सगळे सांगतात.

पहिल्या दिवशी मी बंद गाडीत बसले. मेकॅनिककडून बॅटरी आणि वायरी बदलून घेतल्या होत्या, पण इंजिन चालू करायचं नव्हतं. नुसतं बसायचं. आकडा ७५. सोसायटीतली दोन पोरं क्रिकेट खेळता खेळता थांबून काचेतून बघून गेली. घड्याळात बघत होते. दहा मिनिटांनी ७०. वीस मिनिटांनी ५५. पस्तीस मिनिटांनी मला बोअर व्हायला लागलं! विश्वास ठेवा, इतका छान बोअरडम आयुष्यात कधी आला नाही. सीटच्या फटीत बोट घातलं तर काहीतरी कडक लागलं. पेढा. दगड झालेला.

तो मी टाकला नाही. वहीच्या कप्प्यात ठेवला. मुंग्या लागल्यावर आईने टाकला.

रस्त्यावरच्या पायऱ्यांसाठी मी चक्क मोटार ड्रायव्हिंग स्कूल लावलं. दहा वर्षांचं लायसन्स असताना! सकाळी साडेसहाला ती ‘एल’ची पाटी लावलेली गाडी सोसायटीच्या गेटवर यायची आणि मी मान खाली घालून बसायचे. पण त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतो, त्याचा आधार केवढा होता! शिकवायला एक काका होते, साठीचे, तोंडात बडीशेप. त्यांना मी पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘मॅडम, गाडी सरकली तेव्हा तुम्ही कुठे बघत होता?’’

‘‘टेम्पोकडे.’’

‘‘मग गाडी तिकडेच जाणार. नजर जाते तिकडे हात जातात. मोकळा रस्ता बघायचा, मॅडम. धडकायचंय ते नाही बघायचं.’’

चौदा महिने मी स्वतःला एकच सांगत होते, की चूक माझी होती. होतीच. पण ती चूक म्हणजे नक्की काय, हे मला कोणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. काकांनी विचारलं. त्यांच्याबरोबर दहा दिवसांत ती चूक सुटी सुटी झाली. ताशी साठ म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. पुढच्याचा दिवा लागल्याचं आपल्याला कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो, म्हणजे १७ मीटर आपण ब्रेक न लावताच गेलो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावरचं अंतर चौपट होतं, ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. म्हणून पुढच्या गाडीपासून कोरड्यात तीन सेकंद अंतर, पावसात त्याच्या दुप्पट. आणि वळणाचा वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. उतारावर गिअर खाली घ्यायचा, ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही. हे सगळं मला लायसन्सच्या वेळी कोणीतरी सांगितलं असणार. तेव्हा मी बहुधा आठचा आकडा काढण्यात बिझी होते.

काय आहे ना, ‘मी वाईट ड्रायव्हर आहे’ याचं काही करता येत नाही. ‘मी वळणात ब्रेक मारला आणि टेम्पोकडे बघितलं’ याचं करता येतं.

एक पायरी मात्र सांगायलाच हवी. चांदणी चौक. तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री स्फोटाने पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवीन उड्डाणपूल, रॅम्प वगैरे सुरू झालं. माझा अपघात त्याच्या आधीचा. म्हणजे मी गाडी सोडली आणि मागे अख्खा चौक बदलला होता! जानेवारी २०२५, रविवार, सकाळचे सात. स्कूल संपलेलं, पहिल्यांदा स्वतःची गाडी घेऊन हायवेवर. शेजारी धाकटी बहीण. तिला सक्त ताकीद, गप्पा मारून माझं लक्ष दुसरीकडे न्यायचं नाही (हाही सायकॉलॉजिस्टचा नियम, भीती असताना तिच्याकडे बघायचं, पळायचं नाही). आकडा ६५. डावीकडचा रॅम्प घ्यायचा की त्याच्या पुढचा, यात घोळ झाला आणि आम्ही भलतीकडेच निघालो. यू-टर्न शोधत परत आलो, परत चुकलो. तिसऱ्या फेरीला मी खिडकीतून हात काढून जोरात म्हणाले, ‘‘अरे, पाट्या कोण लावतं यांच्या?’’

बहीण हळूच म्हणाली, ‘‘ताई, आकडा?’’

मी विचारच केला नव्हता. तीस असेल. पंचवीस. मी भीतीने नाही, रागाने चालवत होते. टिपिकल पुणेकर परत आली होती.

सगळं असंच मजेत झालं नाही हं. फेब्रुवारीत नवले पुलाच्या उतारावर शेजारून एक ट्रेलर गेला आणि आकडा थेट नव्वद. तो उतार कसा आहे ते पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकने एका झटक्यात ४८ गाड्यांचं नुकसान केलं होतं. मी सर्व्हिस रोडला गाडी घेतली, इंडिकेटर लावून थांबले आणि परत कॅब बोलवावी असं वाटून मोबाइल हातात घेतला. दहा मिनिटांनी ७०. मग घरी आले, गाडी चालवतच. पण पुढचा आठवडाभर शिडी बंद होती. सायकॉलॉजिस्ट म्हणाल्या, ‘‘एक पायरी खाली या, तिथे आठवडा काढा.’’ मी आले. इगो बाजूला ठेवून सांगते, दोनदा आले.

बाबांना या शिडीचं सगळं माहीत होतं. वही फ्रिजवर असायची, ते रोज वाचायचे. पण कधी ‘चल, मी येतो’ म्हणाले नाहीत. एप्रिलमध्ये, पाडवा होऊन गेल्यावर, मी म्हणाले, ‘‘बाबा, शनिवारी आत्याकडे जाऊन येऊ या का? गाडीने.’’

त्यांनी पेपर खाली ठेवला. ‘‘कोण चालवणार?’’

‘‘मी.’’

‘‘येतो की.’’ आणि परत पेपर. पण तो पेपर ते पुढे बराच वेळ उलटत नव्हते.

मी त्या रात्री त्यांना ते सांगितलं, जे दोन वर्षं सांगितलं नव्हतं. की मी वळणावर फास्ट होते. रस्ता तसा आहेच, पण काटा साठच्या पुढे होता. आणि तुम्हाला बेल्ट लावायला सांगितलं नाही. ते म्हणाले, ‘‘काटा मला मागून दिसत होता.’’ मग जरा वेळाने, ‘‘मला बेल्ट लावायला मुलीने सांगावं लागतं, हे काय चांगलं आहे का?’’ त्यानंतर आम्ही दोघांनी बातम्या बघितल्या.

जाताना काही नाही. जाताना तेव्हा घाट चढून जायचं असायचं, ट्रकच्या मागे रांगत. आत्याने पुरणपोळी केली होती. साडेतीनला निघालो. बाबा मागेच बसले. खरं तर मी पुढे बसा म्हणाले होते, पण सवय. दार लावलं आणि मागून ‘कट्’ असा आवाज आला. मी आरशात बघितलं. बाबा बेल्टवरून हात फिरवत खिडकीबाहेर बघत होते. जणू हे आपलं नेहमीचंच.

आनेवाडी. सुरूर. ऊन कडक, रस्ता कोरडा. पावसातली पायरी वहीत अजून शिल्लक होती. बोगद्याच्या आधी मी काच खाली केली, का कोण जाणे. बोगद्यात शिरलो.

‘‘किती?’’ मागून आवाज.

‘‘काय किती?’’

‘‘अगं, आकडा.’’

‘‘ऐंशी.’’

‘‘बरं.’’

बोगद्याच्या तोंडाशी उजेड दिसायला लागला. तिसऱ्या गिअरवर आणली. काटा चाळीसच्या आत. मागचा एक एसयूव्हीवाला हॉर्न वाजवत होता, वाजव बाबा. बाहेर आलो, वळण आलं. डावीकडे तो कठडा होता, दिसला. मी समोरचा मोकळा डांबरी पट्टा बघत राहिले. पहिलं वळण. दुसरं. हात दुखायला लागले तेव्हा कळलं, स्टिअरिंग किती आवळून धरलंय. एसयूव्हीवाला ओव्हरटेक करून गेला आणि जाताना वळून बघून गेला.

खंडाळ्यापर्यंत कोणी काही बोललं नाही.

शिरवळला चहाला थांबलो. गाडीतून उतरल्यावर माझे पाय चक्क लटपटत होते, मी बॉनेटला टेकून उभी राहिले. बाबा दोन कटिंग घेऊन आले. डाव्या हातात एक, उजव्या हातात एक. डावा खांदा अजून पूर्ण वर जात नाही त्यांचा, पण कप धरता येतो.

‘‘आता किती?’’

‘‘चाळीस. पंचेचाळीस.’’

त्यांनी चहाचा घोट घेतला, गाडीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला.

‘‘अगं, पेढे घ्यायचे राहिले की!’’